गाडी टायर खाते तेव्हा

गाडीवाल्यांच्या बोलण्यात एक वाक्य नेहमी येतं, ‘गाडी टायर खातेय.’ नवं टायर घालावं आणि चार-सहा महिन्यांत त्याची कड उडून तार दिसायला लागावी, की समजायचं गाडी टायर खायला लागली. आता ती का खाते, हे गाडीला विचारायला हवं. पण सहसा विचारलं जातं ते एवढंच, की चालवतं कोण?

आमच्या मामूंकडे एक जुनी पिकअप आहे. पाटी एमएच ०४, म्हणजे ठाण्याची. वसई-विरारची एमएच ४८ ही मालिका त्यानंतरची. सकाळी ती बर्फ घेऊन अर्नाळ्याला जाते, तिकडून मासळी घेऊन विरारच्या बाजारात येते आणि दुपारनंतर वालीव-सातिवलीच्या गाळ्यांतला माल चिंचोटी-कामणवरून भिवंडीच्या गोदामात पोचवते. ज्यांनी तो कामणचा रस्ता पावसाळ्यात पाहिला आहे त्यांना आणखी काही सांगायला नको. गाडी माझा मावसभाऊ चालवतो. खालाच्या घराचा निम्मा खर्च त्याच्या पगारावर चालतो. गाडीचा हिशेब मी ठेवते. डिझेल, टोल, ग्रीसिंग, टायर, पगार, सगळं तारखेनिशी एका लांब वहीत.

दिवाळीच्या आधी पुढचे दोन्ही टायर नवे घातले. १३ हजार ४०० रुपये गेले. महिन्याभरातच स्टेअरिंग थरथरायला लागलं. नोव्हेंबरच्या मध्यावर डाव्या चाकाची आतली कड गुळगुळीत झालेली दिसली. मामूंनी निकाल दिला, ‘पोरगं गाडी पळवतं. खड्डा बघत नाही.’ आणि नुकसान भरून निघेपर्यंत दर आठवड्याच्या पगारातून ५०० रुपये कापायचे ठरलं. मामू सांगत, मी वहीत लिही. भाऊ काही बोलला नाही. खाला बोलली, पण ती आई आहे म्हणून तिचं बोलणं कुणी पुराव्यात धरलं नाही.

मामू वाईट माणूस नाहीत, हे इथे सांगायला हवं. गाडीचा हप्ता त्यांनी पोटाला चिमटा काढून फेडला आहे. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस करून घ्यावी लागते, विमा वाढतो, भाडं वाढत नाही. त्यात चार महिन्यांत टायर गेले तर माणूस समोर जो असेल त्याच्यावर चिडतो. आणि ड्रायव्हर कायम समोर असतो.

उपाय केले नाहीत असंही नाही. अलाइनमेंट तीन वेळा झाली: टायर घालताना एकदा, नोव्हेंबरमध्ये एकदा, डिसेंबरमध्ये एकदा. दर वेळी मशीनच्या पडद्यावर हिरवे आकडे आले, छापील कागद मिळाला, आणि दर वेळी आठ-दहा दिवसांत थरथर परत आली. त्यामुळे मामूंचा समज आणखी पक्का झाला. मशीनने गाडी बरोबर आहे असं सांगितलं, मग उरला कोण?

जानेवारीच्या शेवटी, एका रविवारी, भाऊ गाडी एका जुन्या उस्तादांकडे घेऊन गेला. विरार फाट्याच्या पुढे, महामार्गाच्या कडेला, पत्र्याची शेड. उस्ताद मूळचे रत्नागिरीकडचे, वय सत्तरीच्या आसपास, आता स्वतः गाडीखाली जात नाहीत, पोरांना घालतात. मामू आले, वही घेऊन मीही गेले.

उस्तादांनी गाडीला हात लावला नाही. भावाला समोर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. थरथर किती वेगाला सुरू होते? ठराविक वेगालाच येते आणि त्यापुढे जाते का? ब्रेक दाबल्यावरच येते का? स्टेअरिंग हलतं की सीट हलते? रिकाम्या गाडीला जास्त की भरलेल्या? खड्डा लागल्यावर येते की आपोआप?

हे प्रश्न उगाच विचारलेले नव्हते. प्रत्येक उत्तराबरोबर एकेक शक्यता गळून पडते. चाकाचं बॅलन्सिंग बिघडलेलं असेल तर थरथर एका ठराविक वेगाला येते, समजा सत्तर-ऐंशीला, आणि त्याच्या खाली-वर कमी होते. रिम वाकली असेल किंवा टायरला फुगा असेल, तर अगदी सावकाश चालतानाही चाक उड्या मारतं. फक्त ब्रेक दाबल्यावर हादरे येत असतील तर ब्रेकची डिस्क किंवा ड्रम वाकडा झालेला असतो. स्टेअरिंग हलत असेल तर दोष पुढच्या चाकांत शोधायचा, सीट हलत असेल तर मागच्या.

भावाने नीट उत्तरं दिली. पन्नास-साठला गाडी छान चालते. मग एखादा खड्डा किंवा काँक्रीटचा सांधा लागला की स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे एवढं जोरात झटके मारतं की हातात धरवत नाही. ब्रेकशी त्याचा संबंध नाही. वेग तीस-पस्तीसपर्यंत खाली आणला की आपोआप थांबतं. मागे वजन असलं की जास्त.

उस्ताद म्हणाले, ‘बेटा, हे तू मालकाला सांगितलं होतंस?’

भाऊ म्हणाला, ‘सांगितलं होतं.’

मामू गप्प राहिले.

मग टायर. उस्तादांनी आधी हवा मोजायला लावली. डाव्या चाकात उजव्यापेक्षा आठ पौंड कमी होती. व्हॉल्व्ह हळूहळू गळत होता. पण दोष इथेच संपत नाही, असं ते म्हणाले. हवा कमी असेल तर टायरच्या दोन्ही कडा झिजतात, हवा जास्त असेल तर मधला भाग झिजतो. इथे एकच कड गेली होती, आणि तीही आतली. बाहेरून उभं राहून बघणाऱ्याला टायर ठणठणीत दिसत होता. वाकून, चाकाच्या मागून हात घालून बघितल्याशिवाय काही कळत नव्हतं.

उस्तादांनी मला म्हटलं, ‘हात फिरवून बघ.’ मी टायरच्या नक्षीवरून आडवा हात फिरवला. एका दिशेने तळहात सरकला, उलट दिशेने फिरवल्यावर रबराच्या धारा बोचल्या, करवतीच्या दातांसारख्या. चाक सरळ लोळत नाही, थोडं तिरकं घासत पुढे जातं, तेव्हा अशा धारा उठतात. शिवाय मध्ये मध्ये वाट्यांसारखे खळगे होते. चाक जमिनीवर नीट टेकून न राहता उडत-आपटत चाललं की असे खळगे पडतात. शॉकअब मेलेला असला, बेअरिंग ढिलं असलं किंवा जोडात प्ले असला की हे होतं.

आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. वळणावर गाडी फेकणाऱ्या ड्रायव्हरच्या टायरची बाहेरची कड जाते, कारण वळताना सगळा भार तिकडे पडतो. करकचून ब्रेक मारणाऱ्याच्या टायरवर एके ठिकाणी सपाट डाग पडतो. आतली कड, तीही एकाच चाकाची, ड्रायव्हरच्या हातून अशी झिजत नाही. ‘या पोराने वाकडी गाडी सरळ चालवली. उलट हात दुखेपर्यंत चालवली.’

मग जॅक लावला. मागच्या चाकांना दगडांचं अडण, हँडब्रेक ओढलेला, एक्सलखाली लाकडी ओंडका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, हा त्यांच्या शेडमधला पहिला नियम. पोराने डावं चाक वर-खाली धरलं, म्हणजे घड्याळात बारा आणि सहा असतात तिथे, आणि हलवलं. खट्-खट् असा आवाज झाला. उस्तादांनी भावाला ब्रेक दाबून धरायला सांगितलं आणि पुन्हा चाक हलवायला लावलं. आवाज तसाच. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. ब्रेक दाबला की ड्रम आणि चाकाचा आधार एकमेकांना घट्ट धरतात. तेव्हा प्ले नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही प्ले राहिला तर दोष त्याच्या आतला, किंग पिनचा.

या गाडीला पुढे एकसंध एक्सल आहे आणि दोन बाजूंना पाटे. ही मांडणी महायुद्धातल्या जीपचीच. त्या जीपची जुळणी आपल्याकडे १९४७ पासून मुंबईत सुरू झाली आणि ती करणाऱ्या कंपनीचं १९४५ मधलं मूळ नाव महिंद्रा अँड मोहम्मद होतं. त्यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि इथे १९४८ मध्ये कंपनीचं नाव बदललं. ही मांडणी दणकट आहे, खड्डे खाते, वजन सोसते. फक्त तिला ग्रीस लागतं. अशा गाडीत एक्सलच्या टोकाला एक जाड उभी पिन असते आणि तिच्याभोवती चाक डावं-उजवं वळतं. पिनच्या वर एक बुश, खाली एक बुश. दोन्हींत ग्रीस जायला दोन निपल.

आमच्या गाडीत वरचं निपल ग्रीस घेत होतं. खालचं घेत नव्हतं. वाळलेल्या चिखलाने आणि गंजाने ते आतून बंद झालं होतं. ग्रीस गन लावली की ग्रीस आत न जाता बाजूने बाहेर येई, आणि बघणाऱ्याला वाटे भरलं. वहीत दर सर्व्हिसिंगला ‘ग्रीसिंग’ असं लिहिलेलं आहे, पैसेही दिलेले आहेत. पण खालचा बुश कोरडाच फिरत राहिला. त्यात मासळीच्या बर्फाचं खारं पाणी, आणि दर पावसाळ्यात विरार-नालासोपाऱ्याच्या रस्त्यांवर साचणारं पाणी, ज्यात चाकं निम्मी बुडतात. २०१८ च्या जुलैत लोकल बंद पडल्या होत्या तेव्हाही ही गाडी पाण्यातून गेली होती. आणि डावं चाक रस्त्याच्या तुटलेल्या कडेला असतं, म्हणून मार जास्त त्याला.

बुश झिजला की पिन डुगडुगते. वजनाखाली चाकाचा माथा आत झुकतो आणि भार आतल्या कडेवर येतो. त्यात टाय रॉडचा एंडही ढिला निघाला. चाकं जमिनीवर ठेवून एकाने स्टेअरिंग थोडं थोडं हलवलं आणि दुसऱ्याने खाली बघितलं, तेव्हा रॉड आधी हलत होता आणि चाक मागून. दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं पुढचं चाक कधीकधी वेड्यासारखं फडफडतं ते आठवा. तसंच इथे होत होतं. खड्ड्याचा एक धक्का बसला की ढिलं चाक पिनभोवती झुलायला लागतं, टाय रॉडमुळे दुसऱ्यालाही झुलवतं, आणि वेग उतरेपर्यंत थांबत नाही. मागे वजन पडलं की पुढचा भाग हलका होतो, पिनचा कलही बदलतो, म्हणून भरलेल्या गाडीत जास्त.

मामूंनी अलाइनमेंटचे तीन कागद पुढे केले. उस्तादांनी ते बघितले आणि म्हणाले, ‘मशीन खोटं नाही बोललं भाई. गाडी उभी होती तेव्हाचं सांगितलं.’ गाडी चालायला लागली की रस्ता पुढच्या चाकांना मागे रेटतो. जोड घट्ट असतील तर चाकं जागेवर राहतात. ढिले असतील तर तेवढ्या प्लेएवढी बाहेर फाकतात आणि आतली कड घासायला लागते. म्हणून क्रम असा: आधी हवा, मग टायर आणि रिम, मग बेअरिंग, किंग पिन, टाय रॉड, पाटे आणि यू-बोल्ट, आणि हे सगळं घट्ट झाल्यावर शेवटी अलाइनमेंट. ढिल्या गाडीची अलाइनमेंट करणं म्हणजे हलत्या माणसाचं माप घेऊन शेरवानी शिवणं.

इथे मला वहीची आठवण झाली. मी मागची पानं उलटली. तीन वर्षांत या गाडीवर तीन ड्रायव्हर झाले. आधी मामू स्वतः, मग जव्हारकडचा एक मुलगा, मग माझा भाऊ. आणि तिन्ही काळांत सगळ्यात आधी बदललेला टायर एकच, पुढचा डावा. ड्रायव्हर बदलला तरी चाक तेच. मी ती पानं मामूंसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बोट फिरवत वाचलं आणि वही मिटली.

जव्हारच्या त्या मुलाला मामूंनी याच कारणासाठी काढलं होतं. टायर खातो म्हणून.

गाडी दोन दिवस शेडमध्ये राहिली. दोन्ही बाजूंच्या किंग पिन आणि बुश बदलले, टाय रॉडचे दोन्ही एंड बदलले, बेअरिंग धुऊन नव्या ग्रीसने भरली, यू-बोल्ट आवळले, चारही निपल नवी. मग उस्तादांनी चाकं उचलून फिरवली, टायरच्या मध्यावर खडूची रेघ मारली, गाडी खाली ठेवून थोडी पुढे-मागे केली आणि टेपने दोन रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजलं. पुढचं अंतर तीन मिलिमीटर कमी ठेवलं. नंतर मशीनवर तपासून घ्या म्हणाले. मशीनवर अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला. सगळा खर्च ९ हजार ६०० रुपये, दोन टायरांच्या किमतीपेक्षा कमी.

जुन्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला सुपारीएवढा फुगा आला होता. मामू म्हणाले, स्टेपनीला राहू दे. उस्ताद नाही म्हणाले. टायरच्या आतले थर एकमेकांपासून सुटले की फुगा येतो, आणि असा टायर भरल्या गाडीखाली कधी फुटेल सांगता येत नाही. स्टेपनी वापरायची वेळ येते तीच मुळी रात्री, महामार्गावर, माल भरलेला असताना. शेजारून मोटारसायकलवर कुणी बायको-पोरांना घेऊन जात असतं. गाडी आपली असली तरी रस्त्यावरचे जीव आपल्याकडे अमानत आहेत. अल्लाहचा हक्क तो माफ करील, बंद्यांचा हक्क बंद्यांकडूनच माफ करून घ्यावा लागतो, हे आपण जुम्याच्या बयानात कितीदा ऐकतो. त्यात टायरही येतो, असं मला त्या दिवशी वाटलं.

आणि पगारही येतो. अकरा आठवडे, दर आठवड्याला ५००, म्हणजे ५ हजार ५००. हा आकडा वहीत माझ्या अक्षरात आहे.

बातमी कानावर आली तर आधी तहकीक करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचं नुकसान कराल आणि मग पस्तावाल, ही ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. आपण ती बहुतेक वेळा दुसऱ्यांना ऐकवतो. घर भाड्याने बघताना, चौकीवर, नोकरीच्या मुलाखतीत, शक आधी आणि तपास नंतर हा क्रम आपल्यातल्या अनेकांच्या ओळखीचा आहे. त्याची तक्रार आपण करतो आणि ती खरी आहे. पण घरातल्या कमजोर माणसावर, कामावर ठेवलेल्या पोरावर, बोलायला न शिकलेल्या सुनेवर हाच क्रम आपण किती सहज चालवतो. ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्या नावावर नुकसान टाकणं सगळ्यात स्वस्त पडतं. जव्हारच्या त्या मुलाच्या बाजूने बोलायला तर घरात खालाही नव्हती.

नानी हे सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, ‘भाच्याचे पैसे दे. रमजान लागायच्या आत दे.’ मामू म्हणाले, गाडीला आत्ताच खर्च झालाय. नानी म्हणाल्या, ‘मग दर आठवड्याला दे. कापले तसे.’ त्याप्रमाणे आता वहीत दर शनिवारी पगाराच्या खाली ५०० रुपये वेगळे लिहिले जातात. सहा आठवडे झाले, पाच राहिले. मामूंनी माफी वगैरे मागितलेली नाही. पण ग्रीसिंगच्या दिवशी आता ते स्वतः खाली वाकतात, आणि बुशच्या कडेतून जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत गन सोडत नाहीत. निपलच्या बाजूने आलेलं ग्रीस ते मोजत नाहीत.

तुमच्या घरी जुनी पिकअप, टेम्पो किंवा जीप असेल तर महिन्यातून एकदा टायरच्या आतल्या बाजूने हात फिरवा. कडेला आकड्यांच्या ओळीत शेवटचे चार आकडे टायर कधी बनला ते सांगतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. नक्षीच्या खाचांत मध्ये मध्ये रबराची छोटी उंच पट्टी असते. नक्षी तिच्या बरोबरीला आली म्हणजे १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला. आणि ड्रायव्हर काही सांगत असेल तर कधी, कुठे, किती वेगाला, हे त्याला विचारा आणि लिहून ठेवा.

भावाची गाडी आता सत्तरलाही शांत चालते. नव्या डाव्या टायरच्या दोन्ही कडा आज सारख्या आहेत, मी काल बघितल्या.

जव्हारच्या मुलाचा जुना नंबर बंद आहे. काढताना मामूंनी त्याचा शेवटच्या पंधरा दिवसांचा पगार अडकवून ठेवला होता. तो वहीत ‘बाकी’ या रकान्यात आहे. मनोरच्या नाक्यावर तो चहाला थांबायचा, तिथल्या टपरीवर मामूंनी निरोप आणि आपला नंबर ठेवला आहे. मागच्या आठवड्यात कुणीतरी सांगितलं की तो वाड्याला दुधाची गाडी चालवतो. येत्या रविवारी मामू तिकडे जाणार आहेत. रकाना मी कोरा ठेवलाय.